पितळी टोपी

पहिल्यांदा सायकलने गगनबावड्याला जायचं ठरवलं, त्याच्या आदल्या रात्री मी भरून ठेवलेली सॅक आईने दारातून बाजूला करायला उचलली आणि तशीच परत खाली ठेवली. "माघारी येणार हाईस न्हवं?" एवढंच विचारलं.

सॅकेत काय नव्हतं! दोन ट्यूब, पंप, बाबांच्या पेटीतले चार पान्हे, सुतळी, टॉर्च, तीन लिटर पाणी, अर्धा डझन केळी, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचं पाकीट, टॉवेल, बदलायचे कपडे, क्रेप बँडेज आणि छत्री. हो, छत्री. सायकल चालवताना ती कशी धरणार होते, ते मला आजही सांगता येणार नाही. रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडी गाठेपर्यंत सॅकेचे पट्टे खांद्यात रुतायला लागले. बालिंग्याच्या पुलावर, भोगावतीवर धुकं होतं, तिथे थांबले आणि भूक नसताना तीन केळी खाल्ली. वजन कमी करायचा तेवढा एकच मार्ग तेव्हा सुचला.

ही 2016 सालची गोष्ट. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 110. नाव ऐकून लोकांना वाटतं, केवढा घाट चढत असेल ही. तसं काही नाही. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट गगनबावड्याच्या पलीकडे, कोकणात उतरतात. आपल्या बाजूने रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून, उसातून जातो. जरा वर, जरा खाली. दमवतो तो लांबीने.

त्या दिवशी सॅकेतल्या निम्म्या वस्तूंना हातही लागला नाही. आणि रस्त्यावर काय काय दिसलं? दर तीन-चार किलोमीटरवर एक गाव. गावात चहाची टपरी, किराणा दुकानात टांगलेल्या बिस्किटांच्या माळा, वडे तळणारं एखादं हॉटेल, शाळेच्या आवारात नळ, रसवंतीचं घुंगरू. मी ज्यांचे सल्ले वाचून सॅक भरली होती, ते लोक शंभर-शंभर किलोमीटर माणूस न दिसणाऱ्या मुलखात सायकल चालवणारे. त्यांची यादी त्यांच्यापुरती बरोबरच होती. मी मात्र वाळवंटाची तयारी करून बाजारातून हिंडून आले होते.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. बाबा उद्यमनगरात लेथवर होते, तीस वर्षं काळ्या 24 इंची सायकलवर कामाला गेले. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जाताना डोंगराच्या पायथ्यापर्यंत हीच सायकल. सीटच्या मागे चामड्याची मूठभर पिशवी लटकवलेली असायची. तिच्यात अनेक भोकांचा एक चपटा पान्हा, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या ट्यूबचा एक पट्टा आणि वॉलला, म्हणजे चाकात हवा भरायच्या नळीला, लागणारी बोटभर वॉल ट्यूब. बस्स. "जे गावात मिळतंय ते पाठीवर कशाला न्यायचं?" ते म्हणाले. पाणीसुद्धा ते नेत नसत. वाटेत मागून प्यायचे.

मला ते एकदम पटलं. पुढच्या वेळी सॅक घरी ठेवली, सीटखाली एक छोटी बॅग लावली, दोन पाण्याच्या बाटल्या फ्रेमला, आणि निघाले. वजन सायकलने वाहावं, पाठीने नाही, हे मात्र त्या दिवसापासून आजपर्यंत पाळलंय. पाठीवर काही नसलं की वारा लागतो, घाम वाळतो, आणि पन्नास किलोमीटरनंतरही मान वळते.

पण बाबांच्या नियमात एक मेख होती, ती कळे गावात कळली. (हा शब्दखेळ आमच्याकडे सगळेच करतात, मी टाळू शकले असते.)

कळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. हवा मारायला घेतली तर माझ्या छोट्या पंपाचा आतला रबर फाटलेला. नुसता फुसफुस आवाज. घाबरले नाही, कारण समोरच झाडाखाली पंक्चरचं दुकान होतं. कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, टांगलेल्या ट्यूबा, सगळं साग्रसंगीत. दुकानदाराने चाक हातात घेतलं, वॉलकडे बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं.

"ह्ये कसलं नाक म्हणायचं हो?"

बाबांच्या सायकलचा वॉल म्हणजे जाड पितळी नळी आणि आत रबराची बोटभर वॉल ट्यूब. मोटारसायकलचा वॉल वेगळा, पण त्याचा कॉम्प्रेसर गावोगावी आहे. माझ्या सायकलचा वॉल फ्रेंच पद्धतीचा. सहा मिलिमीटरचा, काडीसारखा बारीक, वर एक चिमुकला नट, तो सैल केल्याशिवाय हवा आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. मोटारसायकलचा वॉल आठ मिलिमीटरचा. कॉम्प्रेसरचं तोंड माझ्या वॉलवर ठेवलं की हवा चारी बाजूंनी निसटते. त्या माणसाने रबराचा तुकडा गुंडाळून बघितला, बोटांनी दाबून बघितला, शेवटी हात पुसले. ट्यूबही त्याच्याकडे माझ्या मापाची नव्हती. माझं टायर 700 चं, त्याच्याकडे गावातल्या सायकलींची.

त्या दिवशी मी दुधाच्या टेंपोतून, रिकाम्या कॅनांच्या मधे सायकल आडवी टाकून कोल्हापूरला आले. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, पण फुलेवाडीपर्यंत माझ्या सायकलची किंमत पाच वेळा विचारली आणि पाचही वेळा "एवढ्यात जुनी मोटारसायकल येती" म्हणाला.

तेव्हापासून माझी यादी बाबांचं वाक्य उलटं धरून होते. कळ्यात, असळजला, वाटेतल्या कुठल्याही गावात जे मिळत नाही, तेवढंच बरोबर. बाकीचं रस्त्यावर सोडून द्यायचं.

म्हणून दोन ट्यूब. दोन पंक्चर एका दिवसात होतात, विशेषतः ज्या दिवशी एकच ट्यूब नेलेली असते त्या दिवशी. टायर रिमवरून उतरवायला प्लास्टिकच्या दोन पट्ट्या. पंप, आणि निघायच्या आधी तो पंप घरी एकदा चालवून बघायचा. हल्ली कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळ्या मिळतात, सेकंदात टायर टणक होतं. मला त्या आवडत नाहीत. एक नळी म्हणजे एकच संधी, आणि तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर परत मऊ. हाताच्या पंपाने दोनशे-अडीचशे वेळा मारावं लागतं, दंड भरून येतात, पण ती हवा संपत नाही.

ट्यूब बदलणं सगळे शिकतात; घाई सगळ्यांना नडते. आत काय रुतलंय ते शोधल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही जाते. माझी गेली आहे. आधी टायरच्या आतून अंगठा फिरवायचा, हळू, कारण बाभळीचा काटा अंगठ्यालाही तसाच लागतो. काटा निदान दिसतो तरी. त्याहून वाईट म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या पोलादी तारा. त्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात, टायरमध्ये शिरल्या की बाहेरून दिसतच नाहीत, अंगठ्याला नुसती चुणचुण लागते. नखाने निघत नाहीत. त्यासाठी मी भुवयांचा चिमटा ठेवते. आमच्या ग्रुपमधले पुरुष त्यावर हसले आणि मग एकेकाने तो मागून घेतला. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली तर मात्र काटा शोधत बसायचं नाही. खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटली आहे, हवा कमी होती, दोष आपला.

दोन्ही ट्यूब गेल्या तर ठिगळ. इथे बाबा उपयोगी पडले. मी सोल्युशन लावून लगेच ठिगळ चिकटवायची आणि ते सुटायचं. "ओल्यावर लावतीस," ते म्हणाले. "वाळू दे. बोट लावलं तर चिकटायला पाहिजे, पण बोटाला लागायला नको." पाच मिनिटं थांबायचं. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, येणारा-जाणारा "काय झालं?" विचारत असताना ही पाच मिनिटं फार मोठी असतात. बाबा त्यात तंबाखू मळायचे. मला अजून त्याला पर्याय सापडलेला नाही.

आणि टायरच चिरलं तर? आत दहाची नोट घडी करून ठेवायची, चिरेच्या मागे. आपल्या नोटांचा कागद कापसाचा, तो सहसा फाटत नाही, ट्यूबचा फुगा बाहेर येऊ देत नाही. दहाच्या नोटेवर मी तीस किलोमीटर घरी आले आहे. पुढे ती नोट बाजारात चालवली, भाजीवाल्या मावशींना काही कळलं नाही.

मुद्दा पंक्चरचा होता. चेनची एक जोडकडी, एल पान्ह्यांचा जुडगा आणि चार प्लास्टिकचे बंद, एवढं सांगून पुढे जाते. चेन माझी आजवर एकदाच तुटली, तीही घराच्या कोपऱ्यावर.

पाण्याचं आणि खाण्याचं मी बाबांच्या नियमावर सोडलं होतं, आणि त्यातही मार खाल्ला. पाणी गावोगावी मिळतं, पण तहान लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातंच. नुसतं पाणीही चालत नाही, घामातून मीठ गेलेलं असतं; नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं जड होतं, मळमळतं. मी एका बाटलीत साधं पाणी ठेवते, दुसरीत मीठ-साखरेचं. लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे पोरांच्या जुलाबावरचंच माप. गगनबावड्यात कोकम सरबत मिळालं तर परतीला तेच भरून घ्यायचं, वर चिमूटभर मीठ.

खाण्याची गोष्ट जानेवारीतली. परतताना वारा तोंडावर होता. भूक अशी नव्हतीच. कळे दहा किलोमीटरवर असेल, आणि एकाएकी पायातला जीव गेला. दुखत नव्हते, दम लागला नव्हता, नुसते पाय माझे राहिले नाहीत. डोळ्यांपुढे काजवे. हातात ब्रेक दाबायची ताकद नाही. शरीरात साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या जोराच्या कष्टाला पुरते. पुढे तासाला 30 ते 60 ग्रॅम तरी पोटात जायला लागतं. एक केळ म्हणजे साधारण 25. मी चार तासांत एक वडा आणि दोन चहा घेतले होते.

रस्त्याला लागूनच गुऱ्हाळ होतं. चुलवाणातून धूर, चिपाडांचा ढीग, आणि तो वास. सीझनमध्ये आमचा अख्खा जिल्हा त्या वासात असतो, म्हणून एरवी आम्हाला तो येतच नाही. मी सायकल टाकली आणि चिपाडांवर बसले. काहिलीतला गूळ नुकताच वाफ्यात ओतला होता. गुळव्याने माझं तोंड बघितलं, काही विचारलं नाही. उसाचं एक कांडकं तोडलं, गरम गुळात बुडवून हातात दिलं. "फुकून खावा. भाजंल."

मी ते चाटून खाल्लं, मग आणखी एक. तोंड भाजलंच. पंधरा मिनिटांनी हात परत माझे झाले. मग आठवलं, सीटखालच्या बॅगेत शेंगदाण्याची चिक्की होती. सकाळपासून होती. ट्यूबच्या खाली, पंपाच्या मागे, काढायला उतरावं लागेल अशा जागी.

म्हणजे बरोबर नेलं म्हणून ते बरोबर असतंच असं नाही. तेव्हापासून हँडलच्या मागे एक चिमुकली थैली आहे, चालवता चालवता हात जाईल अशी. तिच्यात गुळाचे लिंबाएवढे खडे आणि भाजलेले शेंगदाणे. घड्याळ बघून खायचं, भूक विचारायची नाही. मोठ्या कंपन्यांची एनर्जी जेल मी दोनदा आणली. चव कफाच्या औषधासारखी, आणि ते चिकट रिकामं पाकीट दिवसभर खिशात. कोल्हापूरच्या माणसाने गूळ सोडून ते खावं हे मला लाजिरवाणं वाटतं, पण हा माझा हट्ट आहे, शास्त्र नव्हे.

पुरुषांच्या याद्यांत एक गोष्ट कधीच नसते. त्यांना तिची गरज पडत नाही, ते ऊस बघून थांबतात. माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत दोन पॅड, कागदी साबण आणि आईच्या जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा असतो. तो तुकडा घाम पुसायला, उन्हात मानेवर, चेनचे हात पुसायला (मग तो फक्त चेनचाच), एकदा पडले तेव्हा गुडघ्याला. पण मुख्य अडचण सामानाने सुटत नाही, ती विचारल्याने सुटते. दारात धान्य निवडत बसलेली बाई बघायची आणि सरळ म्हणायचं, "काकू, जरा बाथरूमला जाऊ का?" आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. मात्र बाहेर आल्यावर सुटका नसते. "एकटीच आलीस? कोल्हापुरातनं? नवरा सोडतोय?" चहा नको म्हटलं तर ताक, ताक नको म्हटलं तर निदान बस. अर्ध्या तासाचा हिशेब मी आता आधीच धरते. एका आजींनी माझ्या पॅड लावलेल्या सायकलच्या चड्डीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आत गादी हाय बघ हिच्या!" त्यांची सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

पुढे मी एक 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली. साडेतेरा तासांत संपवायची असते. तिचा नियम मला आवडला. सोबतची गाडी ठरलेल्या कंट्रोलशिवाय, म्हणजे तपासणीच्या थांब्यांशिवाय, कुठेही मदत करू शकत नाही, पण वाटेतल्या दुकानातून, टपरीवरून कुणालाही जे मिळतं ते तुम्हीही घ्यावं. बाबांना हा नियम वाचून दाखवला. "मग आमी काय येगळं करत हुतो?" म्हणाले.

सुटे पैसे लागतात. दहा-वीसच्या नोटा. टपरीवर क्यूआर कोड असतो, पण पुढे पुढे नेटवर्क जातं आणि मग चहावाला आणि मी दोघंही फोनमधल्या फिरत्या गोलाकडे बघत बसतो. आणि एका कागदावर माझं नाव, रक्तगट, घरचा नंबर, खाली 108. लॅमिनेट करून सीटच्या खाली चिकटवलंय. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन, पडलेल्या बाईच्या खिशात कुणाच्याच कामाचा नसतो.

दिवा तर दिवसासुद्धा. मागचा लाल, लुकलुकणारा. उसाच्या सीझनमध्ये संध्याकाळी या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. एक बरं, आमच्याकडची ट्रॉली दिसायच्या आधी ऐकू येते. टपावर स्पीकर, आणि त्यात जे काही लागलेलं असेल ते पुढच्या गावापर्यंत पोचतं. पण म्हणूनच त्या ड्रायव्हरला तुमची घंटी ऐकू येणं शक्य नाही. सूर्य मावळायच्या आत बालिंग्याचा पूल ओलांडायचा, हा माझा नियम आहे, आणि तो मी दर वेळी मोडते.

पावसाचं काय न्यायचं, यावर मी हरले. गगनबावड्याचा पाऊस राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसांपैकी. पुरात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि वाटच बंद होते. तेव्हा जायचा प्रश्न नाही. पण ऑक्टोबरात परतीचा पाऊस गाठतो. महागडं रेनकोट जाकीट नेलं तर आतून घामाने भिजते, नाही नेलं तर बाहेरून. एकदा असळजजवळ अशी सर आली की समोरचं दिसेना. भात कापणीच्या घाईतल्या बायका झाडाखाली जमल्या होत्या, डोक्यावर खताच्या पोत्याच्या खोळी. एकीने जादाची खोळ माझ्या डोक्यावर घातली. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झालं. पाठ कोरडी, हात मोकळे, वारा आतून जातो. ती मी परत द्यायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, घरात धा हाईत." सायकलवर तिचं शीड होतं, हे खरं. तरी बॅगेत घडी करून ती असते.

राहिली पितळी टोपी. माझ्या बारीक वॉलवर बसवायचा एवढासा पितळी तुकडा. तो बसवला की वॉल मोटारसायकलच्या मापाचा होतो, कुठलाही कॉम्प्रेसर चालतो. नखाएवढी वस्तू. टेंपोतून आले त्याच आठवड्यात मी दोन घेतल्या. एक वॉलवरच फिरवून ठेवली, दुसरी पुढच्या फेरीत कळ्याच्या त्या दुकानदाराला दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली, "असं व्हय" म्हणाला, आणि घमेल्याच्या वरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगली.

गेल्या डिसेंबरात हवा कमी वाटली म्हणून तिथे थांबले. माझी टोपी वॉलवर नव्हती. कुठे पडली कोण जाणे. त्याने न बोलता खिळ्यावरची काढली. दोरा काळा पडला होता.

"लई चालती बघा ही," तो म्हणाला. "तुमच्यासारखी चार-पाच जणं येऊन गेली. एकजण तर इकत मागत हुता."

"मग दिली नाही?"

"आन् मी काय करू? तुमच्यासारखी परत आली म्हंजे?"

दोन्ही चाकांत हवा भरून झाली. मी किती झाले विचारलं. मनात होतं, नको म्हणेल.

"पाच रुपय."

माझ्याकडे दहाची नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते. "असू द्या," तो म्हणाला, "पुढच्या बारीला." आणि टोपी परत खिळ्याला टांगली.